राकायाला घातलेलं गाऱ्हाणं

राकाया, ४ मार्च २०१८

चि. वरुण,

आशीर्वाद. तुला हवेत की नकोत हे न विचारताच पाठवते आहे.

पत्र मराठीत आहे म्हणून वैतागू नकोस. चौथीपर्यंत पुण्यात शिकलास, तेवढं पुरेल. हळूहळू वाच, अडलास तर मोठ्यानं वाच. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला दोन शब्दांत उत्तर देतोस आणि मला इंग्रजीत नीट रागावता येत नाही. रागवायला सुरुवात केली की मध्येच 'सॉरी' म्हणून मोकळी होते. तेव्हा हेच बरं.

आम्ही राकायाला आलोय. तेच पुलाजवळचं कॅम्पग्राउंड, तीच केबिन. खिडकीची कडी अजून सैल आहे. हायवेवरचा तो माशाचा भलामोठा पुतळा अजून आभाळाकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या खाली उभा राहून काढलेला तुझा फोटो आपल्या रिकार्टनच्या घरात फ्रीजवर आहे, बाबांच्या जॅकेटमध्ये बुडालेला तू. ते जॅकेट या वेळी मी बरोबर आणलंय. आता त्यात बाबा बुडतात.

सगळ्यांचं म्हणणं, यंदा यांना आणू नकोस. नोव्हेंबरात झटका आला, उजवा हात गेला, पाय ओढतात, मग त्या नदीवर काय बघणार आहेत? मी म्हटलं, मासे. सतरा-अठरा वर्षं झाली, दर मार्चला हा माणूस मासे बघायला येतो. समुद्रातून साल्मन नदीत शिरतात, पाण्याच्या उलट पोहत डोंगरातल्या झऱ्यापर्यंत जातात, जिथे जन्मले तिथेच. अंडी घालतात आणि मरतात. मला पहिल्या वर्षी वाटलं होतं, यात बघण्यासारखं काय आहे? माझ्या माहेरी सदाशिव पेठेत मासा फक्त पंचांगात, मीन राशीच्या चित्रात. पण तू आणि बाबा काठावर पालथे पडून तासन्‌तास बघत बसायचात. ऑकलंडला जाईपर्यंत तू एकही वर्ष चुकवलं नाहीस.

आता मुख्य ते. बाबांचं बोलणं गेलं, हे तुला कळवलं होतं. तुझं उत्तर आलं होतं, 'थँक्स फॉर लेटिंग मी नो.' बँकेचं पत्र वाटलं मला. पण मी तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. सगळं बोलणं गेलेलं नाही. एक शब्द राहिलाय. 'व्हय.'

चहा देऊ का? व्हय. उन्हात बसता का? व्हय. आयुष्यभर फार्मसीत उभं राहून किवी लोकांशी इंग्रजीत बोलले, माझ्याशी पुणेरी बोलायचा प्रयत्न केला आणि शेवटी जिभेवर राहिलं ते मालवण.

चार वर्षांपूर्वी तू फोनवर विचारलं होतंस, 'बाबा, माझ्या लग्नाला याल ना?' त्यांनी 'नाय' म्हटलं होतं. तू म्हणालास, 'ठीक आहे, बाबा स्वतःच्या तोंडानं हो म्हणतील त्या दिवशी मी घरी येईन, तोवर नाही.' दोघंही एका शब्दावर अडून बसलात. मी मध्ये काय काय केलं ते इथे उगाळत नाही.

तर आता ते दिवसभर हो म्हणतात. ये.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. मासे एप्रिलअखेरपर्यंत असतात. तोपर्यंत आम्ही इथे आहोत.

तुझ्या घरच्यांना विचारलं आहे म्हणून सांग.

तुझी,
आई


राकाया, १८ मार्च २०१८

चि. वरुण,

तुझा मेसेज आला. 'आई, दॅट्स नॉट अ येस. ही सेज इट टू एव्हरीवन.'

तुझं बरोबर आहे, आणि तेच मला सहन होत नाही. तू विचारायच्या आधीच मी स्वतः तपासून पाहिलंय. चहा हवा का? व्हय. चहा नको ना? व्हय. तुम्ही साताऱ्याचे छत्रपती का? व्हय. मी हसले, तेही हसले, त्यांचं अर्धं तोंड हसतं. कॅम्पवाली बाई रोज 'किया ओरा विश्वनाथ, ऑल गुड?' म्हणते, तिलाही व्हय. तिला वाटतं, किती समाधानी माणूस आहे.

पण कधी कधी त्या शब्दात फरक असतो. हे मी सिद्ध करू शकत नाही. चहाचा व्हय तोंडातून पडतो. नदीचा व्हय आतून येतो. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईला एवढं कळू नये का?

काल ग्रॅहमनं आम्हाला त्याच्या यूटमधून, त्या मागे उघड्या गाडीतून, नदीच्या मुखावर नेलं. ग्रॅहम आठवतो ना, दाढीवाला, तुला गळ टाकायला शिकवायचा तो. आता गुडघे बदलून घेतलेत, तरी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. समुद्राच्या तोंडाशी सगळे खांद्याला खांदा लावून उभे, कुंपण घातल्यासारखे. मात्र मासा नाही. ग्रॅहम म्हणतो, दरवर्षी कमी होत चाललेत, यंदा तर समुद्रच तापलाय. सकाळपासून एवढ्या माणसांत कुणाच्या गळाला एक लागला नाही. बाबा फोल्डिंग खुर्चीत, पांघरुणात, एका पायात बूट आणि सुजलेल्या पायात मोजा घालून वर रबरी चप्पल. सगळा वेळ पाण्याकडे बघत होते. ग्रॅहम येऊन त्यांच्याशेजारी वाळूत बसला आणि म्हणाला, 'दे आर लेट, मेट. दे विल कम.'

'व्हय,' बाबा म्हणाले. हा आतला होता.

आता एक सांगते, ओरडू नकोस. आज सकाळी मी फोनवर रेकॉर्डिंग केलंय. त्यांच्यासमोर बसले आणि स्पष्ट विचारलं, 'अहो, वरुणला आणि त्याच्या नवऱ्याला घरी बोलवायचं का?' नवरा हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. दोनदा अडखळले, तेही रेकॉर्ड झालंय. ते म्हणाले, 'व्हय.' रेकॉर्डिंग तुला पाठवते आहे. त्यांचाच आवाज आहे, त्यांचंच तोंड आहे. तू मागितलं होतंस ते हेच ना?

ऐकून कळव.

आई


राकाया, २ एप्रिल २०१८

वरुण,

'प्लीज डोन्ट डू दॅट अगेन' एवढंच. पुढे टिंबही नाही.

मी ते रेकॉर्डिंग नंतर पुन्हा ऐकलं. माझाच आवाज जास्त आहे. आधी मी विचारते, मग ते व्हय म्हणतात, आणि मागून मीच हळूच म्हणते, 'बघ.' लहान मुलाला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावल्यासारखं. तुला काय वाटलं असेल ते आता कळलं. रेकॉर्डिंग पुसून टाकलं आहे. तूही पुसून टाक.

गेला आठवडा वाईट गेला. नॉरवेस्टर सुटला होता. इथे कोरडं गरम वारं आणि वर डोंगरात धो धो पाऊस. नदी करडी होऊन फुगली, झाडांचे ओंडके घेऊन आली. गळ टाकणारे सगळे गेले. केबिनच्या पत्र्यावर वारा असा आपटत होता की बाबा झोपेतून दचकून माझा हात धरायचे. डाव्या हातात अजून जोर आहे.

शनिवारी मधुवंती क्राइस्टचर्चहून येऊन गेली. आपल्या गल्लीतली ती सांगलीची नर्स, तिनं हॉस्पिटलात बाबांची फार सेवा केली. येताना रिकार्टनच्या दुकानातून पोहे आणि कोकम घेऊन आली. मी तिला विचारलं, 'यांच्या एका व्हयमध्ये आणि दुसऱ्यात फरक असतो, हे खरं का गं?' ती म्हणाली, 'काकू, असेलही. पण मी खोटी आशा नाही देणार. मेंदूचा तेवढा भाग गेला की उरलेला एक शब्द सगळीकडे वापरला जातो. शिवीसुद्धा उरते कुणाकुणाची. काकांचा व्हय उरला, हे नशीब समजा.' मुलगी गोड आहे, पण त्या दिवशी मला तिचा राग आला.

नंतर पाणी निवळलं आणि ग्रॅहमला अखेर एक मासा मिळाला. मादी होती. पोटातली अंड्यांची गाभोळी पिशवीत घालून घेऊन आला, दरवर्षीसारखी, माझ्यासाठी. त्याला आपलं हे गाभोळीप्रेम अजून अजब वाटतं. मी हळद-तिखट-कोकम लावून, रव्यात घोळवून तळली. केबिनभर वास. ताटली बाबांसमोर धरली. त्यांनी मान फिरवली.

तुला माहीत नसेल, ते गाभोळी खात नाहीत. हा माणूस, ज्यानं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मला गाभोळी म्हणजे काय ते हाताला धरून शिकवलं, त्यानं ती चार वर्षांपूर्वी एकदम बंद केली. मला म्हणाले होते, सोडली. मी समजले कोलेस्टेरॉल. फार्मसीवाला माणूस, असेल काहीतरी वाचलेलं. मी विचारलंही नाही.

काल त्यांनी मान फिरवली तेव्हा मला तुझी मालवणची आजी आठवली. ती काशीला जाऊन आली तेव्हा फणस सोडून आली होती. ज्या बाईच्या परसात फणस, तिनं फणस सोडला. ही माणसं नुसतं 'सोडलं' म्हणतात तेव्हा ते पथ्य नसतं, वरुण. देवापुढे सोडलेलं असतं, आपल्या जिवाला सगळ्यात प्रिय असलेलं. आणि बाबांनी सोडली ती २०१४च्या मार्चात. याच गावात, तुझं लग्न झालं त्याच महिन्यात. मी तारखा जुळवल्या आणि ताटली हातात घेऊन तशीच बसले.

मी विचारलं, 'वरुणसाठी सोडलीत का हो?'

'व्हय.'

मी रडले. मग डोळे पुसून विचारलं, 'कोलेस्टेरॉलसाठी सोडलीत?'

'व्हय.'

आता सांग, मी काय करू? बोलता येत होतं तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारते तर उत्तराला किंमत नाही. चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता.

गाभोळी मी खाल्ली नाही. ग्रॅहमला सांगितलं, फार छान झाली होती.

मॅट कसा आहे? त्याचं नाव लिहायला एवढा वेळ का लागला ते मला विचारू नकोस. लिहिलं आहे.

आई


राकाया, २२ एप्रिल २०१८

चि. वरुण,

तुझ्याकडून काहीच आलं नाही. पत्र मिळालं असेल असं धरून चालते. कॅम्पच्या ऑफिसात रोज विचारून येते, आता ती बाई मला बघितलं की विचारायच्या आतच मान हलवते.

आज ग्रॅहम आम्हाला वर घेऊन गेला, डोंगराच्या पायथ्याशी, त्याच्या मित्राच्या शेतामागच्या त्या झऱ्यावर. बाबा ज्याला व्हाळ म्हणायचे तोच. पॉपलरची पानं पूर्ण पिवळी झाली आहेत, थोडी गळलीत. नदी तिकडे करडी असली तरी इथलं पाणी तसंच आहे, तळाचा एकेक गोटा दिसतो. बाबांना यूटमधून उतरवून काठापर्यंत न्यायला ग्रॅहमनं आणि मी मिळून जवळजवळ उचललंच. वाटेत तिघंही एकदा गवतात बसलो आणि हसत सुटलो. म्हातारी माणसं एकमेकांना उचलत होतो.

तुला आठवत असेल, इथे पाणी दिसायचं नाही इतके मासे असायचे. तू ओरडायचास, 'आई, दगड हलतायत!' आज आम्ही बराच वेळ बसलो तेव्हा एक दिसली. एकच. मादी. अंग काळपट लाल पडलेलं, शेपटी घासून पांढरी झालेली, पाठीवर बुरशी. कड्यावरून, धरणावरून नाही, साध्या गोट्यांवरूनच एवढी झिजलेली. आडवी होऊन शेपटीनं खडी उकरत होती, खळगा करत होती. थोडं उकरायची, थांबायची, पुन्हा उकरायची. खळगा तयार होता. नर नव्हता.

मी ग्रॅहमला विचारलं, 'येईल का?' त्यानं खालच्या वळणाकडे बघितलं. 'शुड हॅव बीन हिअर बाय नाउ,' म्हणाला. मग म्हणाला, 'शी वोन्ट वेट फॉरेव्हर. शी कान्ट.' ती नदीत शिरल्यापासून काही खात नाही, हे तुलाही त्यानंच सांगितलं होतं. अंगात होतं तेवढं संपलं की संपली. मी विचारलं, दुसरीकडून एखादा नर आणून सोडता येत नाही का? माझा प्रश्न बावळट होता, मला माहीत होतं. 'नथिंग वी कॅन डू, श्यामला,' तो म्हणाला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

मला बसवेना. यूटमध्ये नारळ होता, मीच आणला होता, का ते मला सकाळी ठाऊक नव्हतं. बाबा दरवर्षी इथे गाऱ्हाणं घालायचे ना? टोपी नीट करून, नारळ हातात धरून, 'बा म्हाराजा' म्हणून सुरू व्हायचे. मालवणचा देव, इथली नदी, दोघांना एकदमच सांगायचे. आणि तू त्यांच्या शेजारी उभा राहून प्रत्येक वाक्याला बेंबीच्या देठापासून ओरडायचास, 'व्हय म्हाराजा!' मासे पळतील म्हणून ग्रॅहम तोंडावर बोट ठेवायचा, आणि मग खोबरं मात्र सगळ्यांत जास्त तोच खायचा.

गाऱ्हाणं बायका घालत नाहीत. तेही सदाशिव पेठेतल्या तर नाहीतच. मला ती भाषाही येत नाही. पण घालणारा माणूस समोर खुर्चीत मुका बसला होता आणि त्याला व्हय म्हणणारा ऑकलंडला. उरले मीच. मी पदर खोचला, म्हणजे जॅकेटची चेन लावली, आणि नारळ घेऊन पाण्यात दोन पावलं गेले. पाणी असं थंड की बोटं नाहीशी झाली.

जे तोंडाला आलं ते बोलले. शब्द असे होते:

'बा म्हाराजा, मी पुण्याची आहे, मला तुझी भाषा नीट येत नाही, ते सांभाळून घे. नदीबाई, तूही सांभाळून घे, तुझी तर मुळीच येत नाही. हा माणूस एकदा एक शब्द चुकीचा बोलला. त्याचे सगळे शब्द तू काढून घेतलेस. आता पुरे कर.'

मागून आवाज आला, 'व्हय म्हाराजा.'

मी वळलेसुद्धा नाही. वळले तर थांबेल अशी भीती वाटली. व्हय नाही, वरुण. व्हय म्हाराजा. दोन शब्द. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

'आमचा मुलगा ऑकलंडला आहे. त्याचा नवरा मॅट आहे. दोघांना सुखात ठेव.'

'व्हय म्हाराजा.'

'त्यांना एकदा घरी आण. याचे डोळे उघडे आहेत तोवर आण.'

'व्हय म्हाराजा!' हा मोठ्यानं होता. ग्रॅहम दचकून उभा राहिला.

'आणि काय चुकलं माकलं असेल तर ते याच्या पदरात नको, माझ्या पदरात घाल.'

इथे आवाज आला नाही. मी थांबले. पुन्हा म्हटलं. तरी नाही. वळून बघितलं तर बाबा पाण्याकडे बघत होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं. डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरला होता. मला त्याचा अर्थ लावता येत नाही. दमले असतील.

नारळ मी दगडावर फोडला. ग्रॅहमनं खोबरं खाल्लं. बाबांनीही थोडं चावलं. मादी तोवर खळग्याच्या कडेला स्थिर उभी होती, पाण्याच्या उलट तोंड करून.

संध्याकाळी मी मधुवंतीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, 'काकू, प्रार्थना, गाणी, पाढे असं पाठ असलेलं येतं बाहेर. ते वेगळ्या ठिकाणी साठवलेलं असतं. त्याला बोलणं म्हणत नाहीत.' मी म्हटलं, बरं. तुलाही हेच वाटेल म्हणून आधीच लिहून ठेवते.

पण तू लहान असताना ओरडायचास, ते तरी कुठे बोलणं होतं? तेव्हा तुला त्या मालवणीतलं धड काही कळत नव्हतं. तरी बाबा तू ओरडेपर्यंत पुढचं वाक्य म्हणायचे नाहीत.

आई


राकाया, ३ मे २०१८

चि. वरुण,

सीझन संपला. कॅम्पमध्ये आता आम्हीच आहोत आणि एक जर्मन जोडपं, त्यांची व्हॅन बिघडली आहे म्हणून. सकाळी गवतावर दव गोठलेलं असतं. कॅम्पवाली फार चांगली आहे, पण परवा विचारून गेली, 'सो, हेडिंग होम सून?'

मंगळवारी ग्रॅहम एकटा व्हाळावर जाऊन आला. मला म्हणाला, नको येऊस. मी ऐकलं नाही, बाबांना त्या जर्मन बाईजवळ बसवून गेले. ती मादी खालच्या वळणावर, उथळ पाण्यात आडवी पडली होती. डोळा पक्ष्यानं नेला होता. खळगा तसाच होता, स्वच्छ, कडेनं खडीची रास केलेला. नर शेवटपर्यंत आलाच नाही. अंडी तिच्या पोटातच राहिली की वाहून गेली, ते ग्रॅहमलाही सांगता येईना. तो म्हणाला, पुढच्या वर्षी येतील. त्याच्या आवाजावरून मला कळलं, त्याला तसं वाटत नाही.

परत आले आणि मला सगळ्याचा कंटाळा आला. तुझं पत्र नाही, मेसेज नाही, मासे नाहीत. मी बॅग काढली. त्यांचे कपडे भरले, औषधांचा डबा भरला, उरलेले पोहे जर्मन जोडप्याला दिले. रिकार्टनला घरी गेलं की हीटर तरी आहे. सगळं आवरून मी बाबांसमोर बसले, त्यांना बूट घालायला घेतला आणि रोजच्यासारखंच म्हटलं, 'चला, निघू या ना? वरुण काही येत नाही.'

उत्तर आलं नाही.

मला वाटलं ऐकू आलं नसेल. पुन्हा विचारलं, 'अहो, जायचं ना घरी?'

ते माझ्याकडे बघत होते. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. तोंड मिटलेलं. पाच-सहा महिने ज्या माणसाच्या तोंडातून विचारल्याविचारल्या व्हय पडतो, चहाला, औषधाला, छत्रपतीला, त्या माणसानं ओठ दाबून धरले होते. मी आणखी एकदा विचारलं. त्यांनी बुटातला पाय मागे ओढून घेतला, तोच, जो हलत नाही म्हणतात. डावा हात लावून ओढला.

त्यांना आता 'नाय' म्हणता येत नाही, वरुण. व्हय न म्हणणं एवढंच हातात आहे, ते त्यांनी केलं.

मधुवंतीला मी हे सांगितलेलं नाही. ती म्हणेल, थकवा. असेलही. तू म्हणशील, तुला हवं तेच तुला दिसतं. असेलही. मला खरंच कळत नाही, आणि कळून घ्यायची कुणाकडे सोयही नाही. मी घाबरले आहे एवढं खरं. त्यांचा श्वास परवापासून मधूनच अडतो.

पुढचा प्रश्न मी विचारला नाही. 'मग वरुणची वाट बघायची का?' एवढंच विचारायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते व्हय म्हणाले असते आणि मग तो व्हय कसला, यावर मी आणि तू पुन्हा भांडत बसलो असतो. म्हणून मी बूट काढला आणि बॅग पुन्हा उघडली.

मी त्यांना उचलून गाडीत घालू शकते, ग्रॅहम मदत करेल. पण ते स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय मी त्यांना इथून हलवणार नाही. ही अट मी तुझ्याकडूनच शिकले.

राकायाला यायला क्राइस्टचर्चच्या विमानतळावरून तासभर लागतो. मोठ्या माशापाशी वळा, पुलाच्या अलीकडे कॅम्प आहे, शेवटची केबिन. पलीकडची केबिन रिकामी आहे, मी कॅम्पवालीला धरून ठेवायला सांगितली आहे. रात्री फार गार पडतं, मॅटला जाडसं काहीतरी घेऊन यायला सांग.

दिवा आम्ही चालूच ठेवतो.

आई